जीपला सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) लागत नाही, एकदाच टक्क करते. बॅटरी नवी, सेल्फ रिपेअर केलेला, आता काय बघू?

कलमबाग (देवगड)

नमस्कार मंडळी. गणपती तोंडावर आलेत आणि आमची जीप हटून बसलीय म्हणून इथे लिहितोय. ९६ ची डिझेल जीप, वडलांनी घेतलेली, सीझनला आंब्याच्या पेट्या आणि बाकी वर्षभर खत, चिरे, पाहुणे, जे पडेल ते. घर समुद्रापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. गाडी माडाखाली उभी असते, वर पत्र्याची शेड आहे पण बाजूंनी उघडीच.

तर प्रॉब्लेम असा की चावी फिरवली की बॉनेटखालून एकच टक्क असा आवाज येतो आणि पुढे काही नाही. टकटकटकटक असं नाही हां, एकदाच. कधी कधी तिसऱ्या-चौथ्या वेळेला सेल्फ रडत रडत फिरतो आणि फिरलाच तर गाडी लगेच चालू होते, म्हणजे इंजिन ठणठणीत आहे. उतारावर दुसऱ्या गिअरला सोडली की पहिल्या झटक्यात चालू. सध्या तसंच चाललंय, घराच्या वरच्या अंगाला घाटी आहे तिथे लावतो आणि चाकाखाली चिरा ठेवतो. पण परवा बाजारात सपाटीवर बंद केली ती केलीच, भर पावसात चार माणसं गोळा करून धक्का मारावा लागला, त्यातले दोघे अजून भेटले की हसतात.

आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगतो. बॅटरी नवीन टाकली (दोन वर्षांत ही दुसरी). मग मेकॅनिक म्हणाला सेल्फ गेला, म्हणून सेल्फ उतरवून कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) आणि बुश बदलून आणला, टेबलावर धरून फिरवून दाखवला, मस्त फिरत होता. गाडीला लावला, दोन दिवस बरा आणि तिसऱ्या दिवशी परत टक्क. शेजाऱ्याच्या पिकअपवरून जंपर लावला, बॅटरीला बॅटरी, काही फरक नाही. हेडलाइट झकास, हॉर्न झकास, चावी मारताना लाइट थोडे मंद होतात पण विझत नाहीत. मीटर लावला तर बॅटरी १२.६ दाखवते. आता मेकॅनिक म्हणतोय नवीन सेल्फच टाका, आकडा ऐकून मी विचार करतो म्हणून निघून आलो.

चावीचा स्विच असेल का? की सेल्फवरचा सोलेनॉइड (चावी मारली की बॅटरीचा करंट मोटरला जोडतो तो)? यंदा काम म्हणाल तर एप्रिलमध्ये क्लचप्लेट बदलली आणि मे महिन्यात पावसाआधी चेसिस घासून काळा रंग मारून घेतला, एवढंच. हां, आणि इंजिन बंद करायला डॅशबोर्डातून ओढायची वायर असते ना, ती पण घट्ट झालीय, वरचं प्लास्टिक वितळल्यासारखं झालंय, पण ते किरकोळ आहे, नंतर बदलीन.

कुणाला अनुभव असेल तर सांगा. पुढच्या आठवड्यात कणकवली स्टेशनवर मुंबईची माणसं उतरणार आहेत, सामानासकट.


चाकरमानी ५७

नवीन सेल्फ टाक आणि मोकळा हो भावा, जुन्या गाडीत रिपेअरिंगचे सेल्फ टिकत नाहीत. आणि एकदा अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) पण चेक कर, सोपं आहे, गाडी चालू असताना बॅटरीची एक वायर काढायची, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर ओके. आमचे आजोबा असंच करायचे.


वायंगणी पोर (मालवण)

मेल्या पयली अर्थिंग बघ. आमच्या टेम्पोचा असाच झालेला, सेल्फ बदललो, बॅटरी बदलली, शेवटाक धा रुपयाचो बोल्ट घासलो आणि गाडी चालू. हय खाऱ्या वाऱ्यान लोखंड टिकणा नाय थय बोल्टाची काय कथा.


खारीहवा (रत्नागिरी)

थांबा, सेल्फ घेऊ नका.

आणि आधी ५७ वाल्यांना सांगतो, गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढायची नाही, कधीच नाही. तुमच्या आजोबांच्या गाडीला डायनॅमो असणार, त्याला ते चालायचं. अल्टरनेटरला बॅटरी एकदम काढली की व्होल्टेज उसळी मारतं आणि डायोड, रेग्युलेटर जातात. एकाचं दुखणं बघायला गेलात आणि दुसरं लावून आलात असं होईल. अल्टरनेटर बघायचा तर गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा, १३.८ ते १४.४ च्या आसपास पाहिजे, झालं.

आता कलमबाग तुम्ही. मी इथे बत्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता मुलगा बघतो आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. तुमच्या पोस्टमध्ये उत्तर तुम्हीच लिहिलंय आणि त्यालाच किरकोळ म्हणालात. इंजिन बंद करायच्या वायरचं प्लास्टिक वितळलं ते का वितळलं? सायलेन्सरला टेकत असेल तर गोष्ट वेगळी, पण डॅशबोर्डाकडच्या टोकाला, म्हणजे तुमच्या गुडघ्यापाशी वितळलं असेल तर तिथे गरम व्हायला काय आहे? काही नाही. ती वायर आतून तापलीय. त्या वायरच्या लोखंडी कवचातून तुमच्या सेल्फचा करंट जातोय.

कसा ते बघा. बॅटरीतून लाल जाड केबलने करंट सेल्फला जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो परत कुठून येतो हे कुणी विचारत नाही. सेल्फला वेगळी निगेटिव्ह वायर नसते, त्याची बॉडी हीच निगेटिव्ह. सेल्फच्या बॉडीतून इंजिनात, इंजिनातून किंवा गिअरबॉक्सवरून एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने चेसिसवर आणि चेसिसवरून बॅटरीच्या निगेटिव्हला. ही परतीची वाट म्हणजेच अर्थिंग. काही गाड्यांत निगेटिव्ह केबल सरळ इंजिनावर असते, पण बऱ्याच जुन्या जीपमध्ये चेसिसवर असते, तुमची तशीच असावी. आणि इंजिन बसलंय रबराच्या माउंटिंगवर. रबरातून करंट जात नाही. ती पट्टी गेली की इंजिन करंटच्या हिशेबाने हवेत लटकलं. मग एवढा करंट वाट शोधतो, व्हाळाला बांध घातला की पाणी कसं कुणाच्याही परड्यातून वाट काढतं तसा. ओढायची वायर, ॲक्सिलरेटरची केबल, हॅण्डब्रेकची केबल, जे लोखंड इंजिनाला आणि बॉडीला दोन्हीकडे टेकतं त्यातून. ह्या केबली काय दीड-दोनशे अँपिअरसाठी केलेल्या नाहीत, त्या तापतात. मी धूर आलेला पाहिलाय, आणि गाडीवाला म्हणत होता चोक जळला.

आता तुमच्या बाकीच्या खुणा लावून बघा. लाइट झकास का, तर लाइटची अर्थिंग बॉडीवर आहे, त्याचा इंजिनाशी संबंधच नाही. जंपरचा फरक का नाही पडला, तर तुम्ही बॅटरीला बॅटरी जोडली, म्हणजे विहिरीत पाणी वाढवलंत पण पाइप तुंबलेलाच. हीच काळी पकड बॅटरीवर न लावता इंजिनाच्या एखाद्या बोल्टला लावली असतीत तर त्याच दिवशी गाडी फिरली असती. टेबलावर सेल्फ का फिरला, तर टेबलावर त्याला निगेटिव्ह चांगली मिळाली. गाडीला लावल्यावर दोन दिवस का चालला, तर लावताना बोल्ट, केबली हलल्या, कुठेतरी थोडं घासलं गेलं, परत वाट बंद. उतारावर चालू होते कारण जुन्या डिझेलला एकदा फिरलं की विजेचं फारसं काम नसतं.

टक्क एकदा का आणि टकटक का यावर लोक भांडतात म्हणून सांगून टाकतो. काहीच आवाज नसेल तर चावीचा स्विच, किंवा सोलेनॉइडला येणारी बारीक वायर बघायची. टकटकटकटक म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी उतरलीय, सोलेनॉइड धरतो, व्होल्टेज कोसळतं, सोडतो, परत धरतो. एकच टक्क म्हणजे सोलेनॉइडने धरलंय पण मोटरला ताकद पोचत नाही, मग ते सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट असतील, कार्बन असतील (सेल्फवर पान्याने हलकं ठोकलं की फिरला तर कार्बन), नाहीतर केबल किंवा अर्थिंग. हे काही शंभर टक्के नाही, अर्थिंग फार खराब असेल तर टकटकही करते. तुमचा चावीचा स्विच मात्र बरा आहे, टक्क येतंय ना.

मीटर आहे म्हणताय तर हे करा. बॅटरी १२.६ दाखवते याचा अर्थ बॅटरी भरलीय एवढाच, सेल्फला काय मिळतंय ते त्यात कळत नाही. आणि ओमवर लावून केबल तपासू नका, बीप वाजला म्हणून नाचू नका. सेल्फच्या कामात ०.०५ ओम पण खूप झाला, १०० अँपिअर जात असतील तर तिथेच ५ व्होल्ट खाल्ले. तुमच्या मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२-०.३ दाखवतो, त्यात हे कुठे दिसणार. मोजायचं ते करंट जात असताना आणि व्होल्टमध्ये.

गाडी न्यूट्रल, हॅण्डब्रेक ओढा, चाकाला चिरा, हातातली अंगठी काढा, शर्टाच्या बाह्या वर. मीटर डीसी २० वर. चावी मारायला एक माणूस, तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त मारायची नाही, मधे सेल्फला दम खाऊ द्यायचा. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवायची, वरच्या टर्मिनलच्या पकडीवर नाही, कारण कधी कधी चोर त्या दोघांच्या मधेच बसलेला असतो. आधी बॅटरीच्या दोन खुंटांमध्ये चावी मारताना किती ते बघा. मग निगेटिव्ह खुंट ते इंजिनाचं उघडं लोखंड. मग पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फवरचा जाड बोल्ट, जिथे लाल केबल येते. निगेटिव्ह बाजूला ०.२-०.३ पर्यंत चालेल, पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्टपर्यंत. आकडे इथे टाका.


कलमबाग (देवगड)

काका काय सांगू, आत्ता जाऊन बघितलं, वायर वितळलीय ती डॅशबोर्डाच्या बाजूलाच. वितळून तिथल्या रबरी बुशला चिकटलीय. दोन महिने मी तिला तेल घालतोय.

आकडे असे. चावी न मारता १२.५. चावी मारताना बॅटरीवर ११.४. निगेटिव्ह खुंट ते इंजिन ४.७!! पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा बोल्ट १.१. तीनदा मोजलं, थोडं इकडेतिकडे पण साधारण हेच. पोराला चावीवर बसवला होता, त्याला फार मजा आली.


खारीहवा (रत्नागिरी)

वजाबाकी करा. ११.४ मधून ४.७ गेले, १.१ गेले, उरले ५.६. बारा व्होल्टच्या सेल्फला तुम्ही साडेपाच व्होल्ट देताय आणि वर त्याला शिव्या देताय. निम्म्याच्या आसपास ताकद वाटेत खर्च होतेय आणि त्यातली बरीचशी त्या बिचाऱ्या ओढायच्या वायरीत.

गाडीखाली जा, बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टवरून चेसिसकडे जाणारी विणलेली पट्टी शोधा. एप्रिलमध्ये क्लचप्लेट केली म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवला होता, म्हणजे ती पट्टी सोडली होती. परत लावली का हा पहिला प्रश्न. लावली असेल तर चेसिसच्या बाजूला रंगाच्या वर लावलीय का किंवा वरून रंग बसलाय का हा दुसरा. रंग हा करंटला रबरासारखाच. दरवर्षी जून-जुलैमध्ये अशा पाच-सहा गाड्या माझ्याकडे यायच्याच, मे मध्ये चेसिसला रंग नाहीतर जळकं ऑइल मारलेल्या. रंग मारणाऱ्याला दोष देत नाही, त्याला रंग मारायला सांगितला, त्याने सगळीकडे मारला.

पण मला दोन वर्षांत दोन बॅटऱ्या ह्याचं पण वाटतंय काहीतरी. रंग तर यंदाचा आहे. पट्टी आधीपासून कुजलेली असावी.

एक गोष्ट, हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह पहिली काढायची, लावताना ती शेवटी लावायची. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंग होतं.


वायंगणी पोर (मालवण)

मी काय सांगलंय? धा रुपयाचो बोल्ट.


मचवेवाला (हर्णै)

खारीहवा काका बरोबर सांगतायत, फक्त ते १.१ विसरू नका, ते पण जास्तच आहे. मी बंदरावर ट्रॉलरची वायरिंग करतो, आमच्याकडे हा रोजचा धंदा.

पट्टी झाली की लाल केबलच्या सेल्फकडच्या टोकाला रबर दोन इंच सोलून बघा. आत तांबं लाल चकचकीत असेल तर नुसती थिंबल (केबलच्या टोकाची, बोल्टात बसणारी धातूची टोपी) बदला. काळं किंवा हिरवं असेल तर अजून दोन इंच सोला, तिथेही तसंच असेल तर ती केबल फेकून द्या, थिंबल बदलून काही होत नाही. मीठ-पाणी एकदा थिंबलच्या तोंडातून आत शिरलं की तारांच्या मधून वातीसारखं वर चढत जातं, वरून केबल नव्यासारखी दिसते. आपल्याकडे दमट एवढं का मारतं तर मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं, हवेत ७५ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की ते विरघळून पातळ होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्याच्या खाली ओलावा जातो कधी? म्हणजे गाडी शेडमध्ये कोरडी उभी आहे असं तुम्हाला वाटतं, पण बोल्टावर खारट पाण्याचा हात फिरलेलाच असतो.

केबल नवी घ्याल तर जवळच्या बंदरावर बोटीच्या सामानाच्या दुकानात टिन केलेली तार मिळते का विचारा, म्हणजे तांब्याच्या प्रत्येक तारेवर कथलाचा हात. घरी पितळेच्या टोपाला कल्हई का करायचे, त्याचंच भावंडं हे. महाग पडते पण सेल्फला लागते किती, मीटर-दीड मीटर. नाही मिळाली तर वेल्डिंगची केबल पण चालते, डिझेलला ३५ स्क्वेअर एमएमच्या खाली जाऊ नका, ५० मिळाली तर उत्तम. थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका प्लीज, हायड्रॉलिक क्रिम्परवाला शोधा, लाइटच्या कामवाल्यांकडे असतो. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक ट्यूब चढवा, गोंद वितळून तोंड बंद होतं.

आणि ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं ते बोल्ट आवळून झाल्यावर, बाहेरून. लोक आधी ग्रीस फासतात आणि मग थिंबल बसवतात. धातूला धातू कोरडा टेकला पाहिजे.


चाकरमानी ५७

बरं बॅटरीच्या टर्मिनलवर निळं-पांढरं साचलेलं असतं त्याला काय करतात? आई चिंचेने तांब्याचा हंडा घासायची तसं चिंचेने घासलं तर? सिरीयसली विचारतोय.


मचवेवाला (हर्णै)

चिंचेने निघतं खरं, पण ॲसिडवर ॲसिड, नीट धुतलं नाही तर उद्या दुप्पट. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फसफसलं की ते ॲसिड मरतंय, मग स्वच्छ पाण्याने धुवा, पुसा, वाळवा. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना बघा आधी, सोडा आत गेला तर बॅटरीचा कार्यक्रम. चिंच वालाच्या बिरड्यात घाला.


कलमबाग (देवगड)

काल दिवसभर पावसाने उघडीप दिली म्हणून गाडीखाली झोपलो. वर्णन करतो कारण मला वाटलं नव्हतं असं काही असेल.

पट्टी होती. गिअरबॉक्सच्या बोल्टला एक टोक नीट लावलेलं. दुसरं टोक चेसिसला, बोल्ट, वॉशर, पट्टीचं टोक सगळं एकसारखं काळं, सुंदर रंग मारलाय, ब्रशच्या रेघा दिसत होत्या. बोल्ट सोडला तर पट्टीचा जो मधला विणलेला भाग तो हातात आला, म्हणजे रंगाने धरून ठेवला होता इतकंच. जेमतेम आठ-दहा तारा शाबूत, बाकी हिरवा भुगा. काका तुम्ही म्हणालात ते खरं, रंगाआधीच गेलेली, रंगाने शेवटचं पाणी पाजलं.

नवीन पट्टी कणकवलीहून आणली, दुकानदाराने आधी विचारलं ट्रकची का. चेसिसवर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, मधे दातेरी वॉशर टाकला, आवळला, वरून ग्रीस. चावी मारली आणि एवढ्या जोरात फिरली की पोरगा दचकला. बायको बाहेर येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

पण आकडे घेतले ते असे, आणि इथे माझं डोकं फिरलं. बॅटरी १०.६, निगेटिव्ह बाजू ०.१५, पॉझिटिव्ह बाजू १.९. आधी पॉझिटिव्ह १.१ होता तो वाढला कसा? मी काय बिघडवून ठेवलं का?


खारीहवा (रत्नागिरी)

नाही हो, काही बिघडलं नाही. केबल तीच, अडथळा तोच, पण आता करंट जास्त जातोय ना. आधी निगेटिव्हच्या बाजूने वाटच बंद होती म्हणून सगळाच करंट कमी होता, त्यामुळे लाल केबलचं दुखणं पण लहान दिसत होतं. व्होल्ट म्हणजे अडथळा गुणिले करंट. बॅटरीचं पण बघा, आधी १२.५ वरून १.१ नेच उतरली, आता १.९ ने उतरली, त्याच प्रमाणात. एक चोर पकडला की दुसरा उजेडात येतो. आता सेल्फला साधारण साडेआठ मिळतायत, चालू होईल गाडी, पण मचवेवाले म्हणतायत ती केबल कराच, नाहीतर डिसेंबरच्या गारठ्यात पहाटे परत रडेल.


कलमबाग (देवगड)

केबल सोलली. दोन इंच काळी. चार इंच काळी. पुढे सोललीच नाही. टिन केलेली तार मिळाली, देवगड बंदरावरच, मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं असं दुकान आहे. ५० ची घेतली, थिंबल लाइटवाल्या पोराकडून दाबून घेतल्या.

शेवटचे आकडे: चावी मारताना बॅटरी १०.५, निगेटिव्ह ०.१५, पॉझिटिव्ह ०.३. म्हणजे सेल्फला दहा. ओढायची वायर पण नवी टाकली, चावी मारताना हात लावून बघितला, थंडगार. दोन्ही जुन्या केबली आणि पट्टी मेकॅनिकला नेऊन दाखवल्या, तो म्हणाला हां असं होतं कधी कधी.

आता एक वेगळंच विचारायचंय काका. काल संध्याकाळी चाचणी म्हणून फोंडा घाट चढून आलो. गेली दोनेक वर्षं रात्री घाट चढताना हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर जायचा, मी दर वेळी अर्ध्यावर थांबून बॉनेट उघडून पाणी बघायचो, पाणी बरोबर असायचं, परत निघायचो. रेडिएटर पण साफ करून घेतला एकदा, थर्मोस्टॅट बदलला. काल काटा हललाच नाही. ह्याचा पण पट्टीशी संबंध आहे का की योगायोग?


खारीहवा (रत्नागिरी)

अरे देवा, हे आधी सांगितलं असतंत तर मी मीटर पण लावायला सांगितला नसता.

टेंपरेचरचा सेन्सर इंजिनात बसतो, त्याची अर्थिंग इंजिनातून. अल्टरनेटर पण इंजिनावर. हेडलाइट लावले की तेवढा करंट बॉडीतून परत अल्टरनेटरकडे यायला त्याच कुजक्या पट्टीतून येणार, म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यात एखाद व्होल्टचा फरक पडणार, आणि काटा तो फरक गरमी समजून वर चढणार. पाणी गरम झालंच नव्हतं. लाइट लावल्यावर काटा हलतो आणि लाइट बंद केल्यावर खाली येतो, ही इंजिनाच्या अर्थिंगची जुनी खूण आहे.

तुमच्या दोन बॅटऱ्या पण त्यातच गेल्या. अल्टरनेटर त्याच्या जागी १४ देत असणार, बॅटरीपर्यंत १३ च्या आसपास पोचत असणार, त्यात बॅटरी कधी पोटभर जेवलीच नाही. आता गाडी चालू करून हेडलाइट लावून बॅटरीवर मोजा बरं.


कलमबाग (देवगड)

१४.१. हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावून.

थर्मोस्टॅटचे पैसे कुणाकडे मागू?


वायंगणी पोर (मालवण)

धक्को मारलेल्या चार जणांका पयली चाय पाज, मगे थर्मोस्टॅटाचा बघूया.